पायपेटीवर जगलेली काळुंदरं

बाबा खोटं कधी बोलले नाहीत. ते आधी बोलून मोकळे व्हायचे आणि मग ते बोलणं खरं करायला घरातल्या झाडून सगळ्यांना कामाला लावायचे. एकदा भर देवळात त्यांनी जाहीर केलं की आमच्या एका फणसात अख्खी वाडी जेवेल. दुसऱ्या दिवशी आई, ताई आणि मी हातांना खोबरेल चोपडून दुपारपर्यंत गरे काढत बसलो. वाडी जेवली. फणस एक नव्हता, पण ते बाबांनी कोणाला मोजू दिलं नाही. तेव्हा ताईच्या सासऱ्यांना ते जे बोलून बसले, ते ऐकून आमच्यापैकी कोणाला आश्चर्य वाटलं नाही. आम्ही मुकाट्याने पदर खोचले.

आमचं घर मालवणजवळ खाडीच्या काठावर, इतकं काठावर की भरतीला मागच्या पायरीवर बसून पाय धुता यायचे. घराला दोन आवाज होते. एक बाबांच्या पागाचा. हाताने फेकायचं ते गोल जाळं पाण्यावर पडताना उलगडायचं आणि कढईत फोडणी पडावी तसा चर्रकन आवाज व्हायचा. दुसरा आवाज भाऊकाकांच्या पायपेटीचा. भाऊकाका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. दशावतारी मंडळीत पेटी वाजवायचे. दिवाळीनंतर ते जे घराबाहेर पडत ते आंबा संपता संपता परतत, आणि मग पावसाळाभर पडवीत बसून दोन्ही पाय भात्यावर हलवत राहत. त्यांच्या मांडीशी बसून मी पेटी शिकले. मुद्दाम कोणी शिकवली नाही. दशावतारात बायकांचं काम बाप्येच करत, तिथे मुलीच्या हातात पेटी कोण देणार? पण घरात काका म्हणायचे, "शालू, तू वाजय. मी इडी ओढतंय." त्या इड्यांच्या कृपेने माझा हात तयार झाला. आईच्या काळुंदर माशाच्या तिखल्याचा, म्हणजे दाट तिखट कालवणाचा, वास पडवीत आला की काका पेटी मिटायचे. आमच्या घरातली मैफल नेहमी त्या कालवणातल्या तिरफळाच्या वासावर संपली.

ताईचं लग्न सावंतवाडीच्या पलीकडे, घाटाच्या पायथ्याशी ठरलं. पोफळीची बाग, दुभती जनावरं आणि बागेच्या मधोमध चिऱ्यात खोदलेली तळी. ताईचे सासरे, ज्यांना सगळा गाव दाजी म्हणायचा, ते त्या तळीवर फार खूश. सुपारी फोडायला आम्ही गेलो तेव्हा त्यांनी आम्हांला घरात बसवायच्या आधी तळी दाखवली. बाबांनी पाण्यात बघितलं, इकडून बघितलं, तिकडून बघितलं, आणि चारचौघांत विचारलं, "मासो खंय आसा?"

"मासो नाय," दाजी म्हणाले. "पाणी आसा."

"मासो नाय तां पाणी कसला? तां न्हाणयेतला." झालं. बाबा बोलायला लागले की आई माझ्या हाताला चिमटा काढायची, मी ताईच्या. पण उशीर झाला होता. "दाजींनू, लगीन होवंदे. तुमच्या ह्या तळयेत काळुंदरां सोडून दाखयतंय. जिती! शेपटी मारणारी!"

दाजी मंद हसले. "समुद्राकडली माणसां तुमी. बोलण्यात भरती, कामात सुकती."

काळुंदर हा आमच्या खाडीतला तळहाताएवढा, अंगावर पट्टे असलेला गोलसर मासा. खारं पाणी चालतं, गोडही चालतं; एकच गोष्ट चालत नाही, ती म्हणजे आमच्या खाडीपासून घाटाच्या पायथ्यापर्यंतचा प्रवास. लग्नानंतर बाबा पहिल्यांदा लेकीकडे गेले ते तांब्याचा हंडा मांडीवर घेऊन. व्याह्याकडे न्यायची भेट म्हणून जाळ्यातली सगळ्यात मोठी काळुंदरं निवडली होती. एस.टी.त बसल्यापासून उतरेपर्यंत ते हाताने पाणी घुसळत होते. खळबळलेल्या पाण्यात माशांना दम मिळतो हे खाडीवरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण हात दोन आणि मासे खूप; सावंतवाडीला पोचेपर्यंत हात दुखून आले आणि हंडा शांत झाला. तळीच्या काठावर दाजींनी वाकून पाहिलं. सगळे पांढरी पोटं वर करून पडलेले.

"व्याहीनू," दाजी म्हणाले, "हे पवतत की निजलेत?"

त्या एका वाक्याने ताईचा संसार नासवला. चतुर्थीला ती माहेरी आली तेव्हा मोदकाच्या उकडीत हात घालून बसली होती आणि रडत नव्हती, हेच वाईट. सांगत होती, "थंय दुपारचो कोण जरा आडवो झालो की दाजी म्हणतत, ह्यो बघा व्याह्यांचो मासो. जावबाय माका हाक मारता ती, काळुंदरीण. आयतवारी पोरां इचारतत, काकी, तुझे मासे उठले काय गो?" मग बाबांकडे न बघता म्हणाली, "बाबांनू, आता काय बोला नको. तुमी बोलतास आणि ऐकतंय मी."

बाबांनी त्या दिवशी मोदक खाल्ला नाही.

आता मी येते रंगमंचावर, आणि वाचकहो, टाळ्या राखून ठेवा. भाऊकाका पेटी उघडून बसले होते. पावसाळी हवेने एक सूर बसला होता. पट्टीखालचा पितळी सूर त्यांनी काढून फडक्यात ठेवला, मी सवयीने पाय मारत होते, आणि त्या रिकाम्या भोकातून माझ्या तळहातावर वारा आला. गार, सरळ, न तुटणारा. पाय हलतोय तोवर वारा. बाबांचे हात दुखले होते; माझे पाय कधी दुखत नसत.

"काका," मी म्हटलं, "ह्यो वारो पाण्यात सोडलो तर?"

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी राजाचा मुकुट चुलीत घालायला मागितला. "माज्या पेटयेक मासो लावतलंस?"

"ताईसाठी."

काकांनी इडी विझवली. मग म्हणाले, "वरचो शेवटचो सूर घे. तो कोणाच्या बापाशीन कधी वाजवल्यान नाय."

नळी मिळाली ती दवाखान्यातल्या कंपाउंडरकडून. रबरी, लांब, तांबूस. तिचा पूर्वेतिहास मी इथे सांगणार नाही. आईने ती राखेने तीनदा घासली एवढंच. भोकाला मेण लावून नळी बसवली, वारा सुटत राहावा म्हणून पट्टी वर उचलून खाली आगकाडी खोचली, आणि नळीचं दुसरं टोक काकांच्या पत्र्याच्या ट्रंकेत, पाण्यात तळाशी सोडलं. मी पाय मारले. काहीच नाही. जोरात मारले. पेटी फुगली, धापा टाकू लागली, पण पाण्यात बुडबुडा नाही. बाबा म्हणाले, "संपला." काका म्हणाले, "माजी पेटी फाटतली." तेवढ्यात आईने, जी इतका वेळ मागे बसून नारळ खोवत होती, नळीचं टोक हळूहळू वर उचललं. पाण्याखाली चार बोटं राहिली आणि भळाभळा बुडबुडे सुटले. पेटीचा वारा तो केवढा, खोल पाणी त्याला ढकलवत नव्हतं. वरच्या वर त्याचं राज्य होतं. आई म्हणाली, "माणसाचा पण तसाच. खोल जावक गेलो की बोंब." आणि खोवणीकडे परत गेली.

मग तयारी. ट्रंकेच्या सांध्यांना बाबांनी होडीच्या फळ्यांत भरतात तसा कापूस आणि राळ भरली. ट्रंकेच्या झाकणावर दोन गुलाबाची फुलं आणि मध्ये 'सुस्वागतम्' असं रंगवलेलं होतं, तेही तसंच राहिलं. पाणी वीतभर, खाडीचं थोडं आणि विहिरीचं जास्त. काळुंदरं बांबूच्या टोपलीत घालून खाडीतच उपाशी ठेवली, म्हणजे वाटेत पाणी घाण करणार नाहीत. आणि निवडीवरून आईबाबांचं भांडण झालं ते अजून माझ्या कानात आहे.

"बारकी घेवा," आई म्हणाली. "बोटभर."

"व्याह्याक बोटभर मासो? लोक काय म्हणतले?"

"मेलेलो मोठो न्हेल्यात तेव्हा काय म्हणाले?"

बाबांनी बोटभर घेतली.

आज ताईचा मुलगा, माझा भाचा, मत्स्यबीजाचा धंदा करतो. प्लास्टिकच्या पिशवीत थोडं पाणी, त्यात पिल्लं, वरून नळकांड्यातला प्राणवायू फुसकन भरायचा, रबर बांधायचं, पिशवी थर्माकोलच्या पेटीत. पिशवी गोव्यात जाते, कर्नाटकात जाते. परवा मला म्हणाला, "मावशे, तुमी तेव्हा नशीबवान, म्हणान जगली." मी म्हटलं, नशीब? पाय माझे होते रे.

तर एस.टी. बाबा, भाऊकाका आणि मी मागच्या बाकावर. पुढ्यात ट्रंक, ट्रंकेला टेकून पायपेटी, झाकणाच्या फटीतून आत गेलेली नळी. कंडक्टरने विचारलं, "ट्रंकेत काय?" बाबा म्हणाले, "लेकीक आहेर." त्यात खोटं काय होतं? पेटीवर अर्थात काका बसणार होते. रात्र रात्र देवांना आणि राक्षसांना नाचवणारा माणूस! पण मंडळी गावोगाव जायची ती पायी, बैलगाडीने. काकांना मोटारीची सवय नव्हती. पहिल्या चढावर त्यांचा चेहरा पालकाच्या भाजीसारखा झाला, दुसऱ्या वळणावर त्यांनी डोकं खिडकीबाहेर काढलं आणि ते थेट सावंतवाडीला आत आलं. जाता जाता एवढंच बोलले, "शालू, बस. आणि ऐक. दोन सूर एकदम दाबू नको. माशांचो दम जाता."

मी बसले. परकर चोपून, पाय भात्यावर. बाई माणूस चालत्या गाडीत पायपेटी हाणतेय आणि आवाज काहीच नाही, हे दृश्य लोकांनी किती वेळ बघायचं? पुढच्या बाकावरची म्हातारी म्हणाली, "चेडवा, वाजना नाय तर कित्याक धडपडतंस?" म्हणून मी एक अभंग धरला. सावकाश, एकेका सुराने. प्रत्येक सूर म्हणजे माशांच्या तोंडचा घास होता. सूर लांबवला की बुडबुडे मंदावायचे, बाबा फटीतून आत बघायचे आणि माझ्या कानात म्हणायचे, "पुरे, पुरे, सोड तो." लोकांना मात्र चेव आला. कोणी भैरवी मागितली, कोणी गौळण. "काय गो ही मुंगीच्या पायांनी वाजयता? जोरात होवंदे!"

पिंगुळीला एक म्हातारा चढला. खांद्याला गाठोडं, गाठोड्यातून लाकडी हात आणि लाकडी पाय बाहेर लोंबत होते. कळसूत्री बाहुल्यांचा खेळ करणारा. तो ट्रंकेशेजारी टेकला, त्याच्या पायाला ओलं लागलं, त्याने नळी पाहिली, मला पाहिलं, फटीला डोळा लावला आणि काहीही न विचारता सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात सुरू केलं, "ऐका हो, पहिल्या अवताराची कथा! मनुराजा नदीवर गेला, ओंजळीत पाणी घेतलं, तर ओंजळीत कोण? बोटभर मासा! मासा म्हणतो, राजा, मला वाचव..." आणि मला डोळा मारला. मी एक सूर दिला, सोडला. तो बोलत राहिला. मासा कमंडलूत घातला, मासा वाढला. मी एक सूर दिला. मासा रांजणात घातला, मासा वाढला. कथा त्याची, वारा माशांचा. गाडी गप्प झाली आणि बुडबुडे पुन्हा नाचू लागले.

मनूचा मासा तळ्यापर्यंत पोचला होता आणि समोर एक म्हैस आडवी आली. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. ट्रंकेतलं पाणी झाकणाखालून उसळलं, बाकांखालून वाहत गेलं आणि कंडक्टरच्या बुटांशी जाऊन थांबलं. पाण्यासोबत एक काळुंदर गेलं होतं. ते बुटावर टपटप उड्या मारत होतं.

कंडक्टर घाटावरचा, नवा. "हे काय आहे? आहेर?"

"पाण्याचो आहेर," बाबा म्हणाले. आयुष्यात त्यांना सुचलेलं सगळ्यात लंगडं वाक्य.

"मासळी गाडीत चालत नाही. टपावर टाका."

टपावर ऊन होतं. टपावर पेटी जाणार नव्हती. बाबा उभे राहिले, आणि हात जोडलेले बाबा मी पहिल्यांदा पाहिले. "सायबानू, वर गेली की मेली. एकदा मेलेली न्हेलंय. परत मेली तर माज्या चेडवाक तोंड दाखवूक जागा नाय."

मी पाय थांबवले नव्हते. कंडक्टरने ते उडतं काळुंदर ओंजळीत उचललं, मागे आला, झाकण उघडलं. बुडबुड्यांभोवती ती सगळी गोळा झाली होती, पट्ट्यापट्ट्यांची. त्याने ओंजळ रिकामी केली आणि उकिडवा बसून राहिला. मग माझ्या पायांकडे पाहिलं. "हे... पेटीवर जगतात?"

"थांबले तर मरतील," मी शाळेतल्या मराठीत म्हणाले.

तो उठला. टोपी सारखी केली. "वाद्य आत चालतं," सगळ्या गाडीला उद्देशून म्हणाला, "आणि वाद्याला जे जोडलेलं आहे ते वाद्यच." घंटी मारली. मग मागे वळून दरडावलं, "थांबू नका हो तुम्ही! आणि तुम्ही, बाहुलीवाले, मासा तळ्यात गेला, पुढे?"

सावंतवाडीला म्हातारा उतरला. बाबांनी त्याच्या पायांना हात लावला तर म्हणाला, "मनूकडे पेटी नव्हती रे. तू नशिबाचो." तिथून दुसऱ्या गाडीने आम्ही फाट्यावर पोचलो, आणि फाट्यावर ताईचे यजमान बैलगाडी घेऊन उभे. ट्रंक गाडीत, पेटी गाडीत, पेटीवर मी. आता कोणी ऐकायला नव्हतं, पण गाव आलं आणि मला राहवलं नाही. राजाच्या प्रवेशाला काका वाजवायचे ती चाल मी धरली, एकेरी सुरांत, मापात. माणसं अंगणात आली. पोरं गाडीमागे धावली. "दशावतार इलो! दशावतार इलो!" आणि अशा रीतीने, मंडळीत मुलीला जागा नव्हती त्या काळात, मी एका गावात दशावतार नेला.

तळीच्या काठावर सगळी जमली. दाजी, जाऊबाई, बागेतले गडी. ताई तांब्याची कळशी कमरेवर घेऊन लांब उभी होती. जवळ यायची तिची हिंमत होत नव्हती. बाबांनी झाकण उघडलं. आत तांबूस गढूळ पाणी. वाटेतली धूळ, सांडलेलं, ढवळलेलं. मासा एकही दिसेना.

दाजी वाकले. घसा साफ केला. मला ते वाक्य येताना दिसत होतं. "व्याहीनू," ते म्हणाले, "निजलेत?"

मी पाय थांबवले.

"शालू! पाय हलय गो!" बाबा कुजबुजले. मी हलवले नाहीत. काका म्हणाले, "चेडू पिसाळला." बुडबुडे विरले. पाणी स्थिर झालं, अगदी स्थिर, वरती आभाळ आणि पोफळीचे शेंडे दिसायला लागले. नाटकात पडदा दूर होण्याआधी असते तशी शांतता. मला तरी काय माहीत होतं? मला फक्त वाटत होतं.

आणि मग त्या आभाळात एक तोंड उघडलं. मग दुसरं. मग ट्रंकभर तोंडं, बारकी, गोल, उघडमीट करणारी, दम मागायला वर आलेली. हंड्यातल्या मेलेल्यांनी आमची लाज घालवली होती. ही जितीजागती सगळी एकदम बोलत होती. मी पटकन पाय मारले, वारा सुटला, ती खाली गेली. पाय थांबवले, परत वर. पाय मारले, खाली. पोरं किंचाळली. जाऊबाईंनी तोंडावर पदर धरला.

तेव्हा कळशी खाली ठेवल्याचा आवाज आला. ताई पुढे आली, आणि ज्या घरात सून सासऱ्यासमोर मान वर करत नसे त्या घरात तिने विचारलं, "मामंजींनू, हे निजलेत की पवतत?"

दाजींनी तिच्याकडे पाहिलं. त्यांची मिशी आधी हलली, मग पोट, मग सगळे दाजी. असे हसले की खाली बसले. "पवतत गो बाये," म्हणाले. "तुझ्या बापाशीचे पवतत." मग धोतर खोचून बाबांशेजारी बसले आणि बाबा सांगतील तसं तळीचं पाणी तांब्या तांब्याने ट्रंकेत ओतू लागले, म्हणजे माशांना नव्या पाण्याची ओळख व्हावी. दोन काळुंदरं गेली होती. ती बाबांनी कोणी बघायच्या आत सोग्यात लपवली, आणि संध्याकाळी मांजराने बाबांचा पाठलाग का केला हे फक्त मला माहीत होतं. बाकीची तळीत शिरली, आणि त्या तळीला पहिल्यांदा शेपट्या फुटल्या.

पुढे ती तिथे वाढली, त्यांना पिल्लं झाली, पिल्लांना पिल्लं. बरीच वर्षं दाजींनी एकही पकडू दिलं नाही. मग एका शिमग्याला त्यांनी बाबांना मुद्दाम बोलावून पानात तळीचं काळुंदर वाढलं. सगळे बाबांच्या तोंडाकडे बघत राहिले. बाबांनी घास घेतला, चावला, विचार केला. "बरो आसा," म्हणाले. "पण खाडयेची चव नाय." दाजींनी कपाळाला हात लावला आणि स्वयंपाकघरातून ताईचं हसू ऐकू आलं. ती आता त्या घराची मालकीण आहे. तिच्या सुनांना पहिल्या दिवशी तळी दाखवते, दाजींसारखीच, घरात बसवायच्या आधी.

काकांनी तो वरचा सूर परत कधी बसवला नाही. फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवला, आणि तशाच पेटीवर पुढची कितीतरी वर्षं रात्री जागवल्या. आता ती पेटी माझ्याकडे आहे. नातवंडं येतात, सगळ्या पट्ट्या दाबून बघतात आणि शेवटच्या पट्टीवर येऊन ओरडतात, "आज्ये, ही मोडलीहा!" मी त्यांचा हात धरते, तळवा वर ठेवते आणि पाय मारते. गार, सरळ वारा लागतो. पोरं दचकतात, मग हसतात.

"मोडूक नाय," मी सांगते. "ह्या पट्टयेर माज्या ताईच्या गावची तळी वाजता."

आणि मग, अर्थातच, त्यांना सगळी गोष्ट पहिल्यापासून ऐकावी लागते.